मालाचा फोटो आणि ‘मास्क’चे कसब

छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, बिदरी सामानाच्या एका दुकानात आम्ही बसलो होतो. मालक वयाने वडील, आम्ही त्यांना चाचाच म्हणतो. चहा येईपर्यंत त्यांनी मोबाइल काढून आमच्यापुढे धरला. आखातातील एका गिऱ्हाईकाने सुरईचा फोटो मागवला होता. फोटो गेला आणि तासाभरात उत्तर आले : ॲल्युमिनियमची नको, अस्सल बिदरी असेल तर दाखवा.

सुरई तिथेच काचेच्या कपाटात होती. काळीभोर, आणि त्या काळ्यावर चांदीच्या वेली. फोटोत मात्र ती राखेच्या रंगाची दिसत होती आणि चांदीच्या वेलींच्या जागी नुसते पांढरे डाग होते. चाचांच्या भाच्याने मग फोटो ‘डार्क’ करून पुन्हा पाठवला. सुरई काळी झाली, पण चांदी कथलासारखी मेली. दुसऱ्या फोटोला उत्तरच आले नाही. “माल खरा, फोटो खोटा, आणि नाव आमचे खराब,” असे चाचा म्हणाले.

ही तक्रार आमच्याकडे नवी नाही. हिमरूच्या शालीचा जांभळा रंग फोटोत निळा येतो, अत्तराच्या कुपीची कड दिसतच नाही, कोल्हापुरी चपलेचे कातडे नारिंगी पडते. गिऱ्हाईक आता दुकानात येऊन माल हातात घेण्याआधी फोटो बघते. पूर्वी नमुना टपालाने जात असे, आज फोटो हाच नमुना झाला आहे. म्हणून या आठवड्यात आम्ही या पानावर दर, बाजारभाव बाजूला ठेवून फोटोच्या कामातील एका कसबाविषयी लिहीत आहोत. त्याला ‘मास्किंग’ म्हणतात. फोटोच्या सगळ्या भागावर नव्हे, तर हव्या तेवढ्याच भागावर उजेड, रंग किंवा धार कमीजास्त करणे, एवढाच त्याचा अर्थ.

कॅमेऱ्याची चूक कोठे होते

कॅमेऱ्यातील उजेड मोजणारे यंत्र भोळे असते. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे असे ते धरून चालते. समोर काळी सुरई आली की त्याला वाटते उजेड कमी आहे. ते उजेड वाढवते, काळे राखाडी होते आणि मुळातच चकाकणारी चांदी जळून पांढरी होते. उलट पांढऱ्या चिकनकारी कुर्त्याचा फोटो काढा, तो मळका येईल, कारण यंत्र पांढऱ्यालाही राखाडी करू पाहते. हल्लीचे मोबाइल बरेच हुशार झाले आहेत, दृश्य ओळखून सावरून घेतात, तरी काळा आणि चमकदार असा जोडीचा माल आला की फसतात.

भाच्याने जे केले ते बहुतेक जण करतात. फोटो फिका दिसला की ‘ब्राइटनेस’ची पट्टी सरकवायची. ही पट्टी सबंध फोटोवर चालते. काळ्याला खाली ओढले तर चांदीही खाली येते. चांदीला वर नेले तर काळेही वर जाते. दोन भागांची गरज उलट आहे आणि हत्यार एकच. इथे मास्क लागतो.

मास्क म्हणजे काय, हे आमच्या कारागीर बांधवांना सांगावे लागू नये. गठाणीवर मार्का मारताना पत्र्याचा कोरलेला साचा ठेवतात आणि वरून शाईचा कुंचला फिरवतात. जिथे पत्रा आहे तिथे शाई लागत नाही, जिथे कोरले आहे तिथे लागते. गॅरेजमध्ये गाडीला स्प्रे मारण्याआधी काचेला रद्दीचा कागद आणि टेप चिकटवतात. बांधणीच्या कपड्यात गाठ बांधलेल्या जागी रंग शिरत नाही. हे सगळे मास्कच.

आणि खुद्द बिदरीकडे पाहा. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, छिन्नीने नक्षी कोरतात, कोरलेल्या जागी चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. शेवटी बिदरच्या किल्ल्यातील माती आणि नवसागर यांचा लेप देतात. या लेपाने जस्ताचे अंग काळे पडते आणि चांदीला काहीच होत नाही. सबंध भांड्याला लेप दिला, पण परिणाम निवडक जागी झाला. संगणकावर जे करायचे ते नेमके हेच आहे. हे आम्ही चाचांना सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, मग हे काम तर आमच्या आजोबांचे!

हाताच्या सावलीपासून संगणकापर्यंत

फोटोग्राफीतही ही युक्ती संगणकाच्या फार आधीची. ज्यांनी जुन्या स्टुडिओची अंधारी खोली पाहिली असेल त्यांना आठवेल. एन्लार्जरचा उजेड कागदावर पडत असताना फोटोग्राफर मध्येच हात धरायचा, किंवा तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती लावून ती फिरवायचा. चकतीखालच्या भागाला उजेड कमी मिळे आणि तो भाग फिका राही. याला ‘डॉजिंग’ म्हणत. उलट पुठ्ठ्याला भोक पाडून एखाद्याच भागाला जास्त उजेड दिला की तो गडद होई, ते ‘बर्निंग’. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये ही दोन्ही नावे तशीच आहेत. चकती एका जागी स्थिर ठेवायची नसे, सारखी हलवत राहायची, नाहीतर तिची कड कागदावर उमटे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

छापखान्यात याची दुसरी तऱ्हा होती. प्रोसेस स्टुडिओत ‘रूबीलिथ’ नावाची लाल फिल्म येई. पारदर्शक प्लॅस्टिकवर लाल थर. ब्लेडने वस्तूच्या कडेकडेने थर कापायचा आणि नको तेवढा सोलून टाकायचा. लिथ फिल्मला लाल उजेड दिसत नाही, म्हणून तो लाल भाग तिच्या दृष्टीने काळाच. ब्लेड धरणाऱ्याचा हात जरा कापला की खुर्चीचा पाय तुटला म्हणून समजा. निगेटिव्हवर पेन्सिलने रिटचिंग करणारेही याच पिढीतले. चेहऱ्यावरची सुरकुती ते अशी मवाळ करीत की माणसाला स्वतःला पत्ता लागू नये. किताबत करणाऱ्या कातिबांसारखेच हेही लोक. त्यांचे काम संपले तेव्हा कोणी बातमी छापली नाही.

संगणकावर हे काम आणणाऱ्यांत टॉमस आणि जॉन नॉल या दोन अमेरिकन भावांचे नाव पुढे येते. त्यांचे फोटोशॉप ॲडोबी कंपनीने १९९० साली बाजारात आणले. १९९४ मध्ये त्यात ‘लेयर’ आले, म्हणजे एकावर एक काचा ठेवाव्यात तसे थर. १९९६ मध्ये ‘ॲडजस्टमेंट लेयर’ आले, ज्यांनी मूळ फोटोला हात न लावता वरच्या काचेवरून उजेड-रंग बदलता येऊ लागला. याच सुमारास बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी ‘गिंप’ हे मोफत सॉफ्टवेअर सुरू केले, ते १९९६ पासून लोकांना मिळू लागले आणि आजही मोफतच आहे. फोटोशॉपचे मात्र २०१३ पासून असे झाले की नवी आवृत्ती कायमची विकत मिळत नाही, भाडे भरत राहावे लागते. लहान दुकानदाराने हे भाडे भरावे असे आम्हाला वाटत नाही. मोबाइलवर ‘स्नॅपसीड’ आहे. ते २०११ साली निक सॉफ्टवेअर या कंपनीने काढले, पुढच्याच वर्षी गूगलने ती कंपनी घेतली. तेही मोफत. आपल्या कामाला एवढे पुरते.

काळे झाकते, पांढरे दाखवते

मास्कचा एकच नियम पाठ करावा. मास्क हे स्वतः एक काळेपांढरे चित्र असते. जिथे ते पांढरे, तिथे बदल पूर्ण लागू होतो. जिथे काळे, तिथे मुळीच होत नाही. जिथे राखाडी, तिथे अर्धामुर्धा. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत साधारणपणे ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या धरतात. १२८ म्हणजे निम्मा परिणाम. बस्स, पुढचे सगळे हात बसण्याचा प्रश्न आहे.

पत्र्याचा साचा आणि हा मास्क यांत फरक म्हणाल तर एवढाच की पत्रा एकतर आहे किंवा नाही, पण मास्कची कड विरघळत नेता येते. कड मवाळ करण्याला ‘फेदर’ म्हणतात. चकती हलवत ठेवायची ती याचसाठी. शालीच्या घडीवर कड रुंद मवाळ ठेवावी, कारण तिथे सावली हळूहळू उतरते. तांब्या-पितळेच्या भांड्याची कड एक-दोन पिक्सेलपेक्षा जास्त मवाळ केली तर भांड्याभोवती प्रभावळ उमटते. मालाभोवती अशी पांढरी रेघ दिसली की समजावे, कोणीतरी घाईत काम केले आहे.

यात आम्हीही शहाणे नव्हतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याच टेबलावर एका फर्निचरवाल्याची जाहिरात तयार झाली. शिसवी खुर्ची, मागची भिंत कळकट, म्हणून आम्ही खुर्ची सोडून बाकी सगळे पांढरे केले. पडद्यावर झकास दिसले. अंक छापून आला तेव्हा खुर्चीचे दोन मागचे पाय गायब! पाय सावलीत होते, मास्क करताना ते भिंतीबरोबर गेले आणि पांढऱ्यात पांढरे झाले ते आम्हाला दिसले नाही. जाहिरातदार सज्जन, पैसे दिले, पण महिनाभर गिऱ्हाइके त्यांना दोन पायांच्या खुर्चीचा भाव विचारत होती. तेव्हापासून आम्ही मास्क केल्यावर खाली एकदा भडक लाल पार्श्वभूमी टाकून पाहतो. जे निसटले आहे ते लालात लगेच दिसते.

सुरईचे काम

आता चाचांच्या दुकानात काय केले ते सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे फोटो पुन्हा काढला. सॉफ्टवेअर हे वाईट फोटोचे औषध नव्हे. सुरई दाराजवळ आणली, दुकानातल्या ट्यूब बंद केल्या, एका बाजूने उजेड येऊ दिला आणि दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला. चमकदार धातू म्हणजे आरसा. त्यात समोरचे सगळे दिसते, मोबाइल धरणारा माणूससुद्धा. म्हणून आम्ही जरा तिरके उभे राहिलो. मोबाइलच्या पडद्यावर चांदीच्या वेलीवर बोट टेकवले, म्हणजे यंत्र चांदीचा उजेड मोजते, आणि बाजूची सूर्याची खूण थोडी खाली ओढली. फोटो गडद आला. चालेल. गडद भागातून तपशील बऱ्याच अंशी परत काढता येतो, पण जळून पांढरी झालेली चांदी कशानेही परत येत नाही. तिथे माहितीच उरलेली नसते.

मग स्नॅपसीड उघडले. त्यात ‘सिलेक्टिव्ह’ नावाचे हत्यार आहे. फोटोवर बोट टेकवले की एक बिंदू बसतो. दोन बोटांनी चिमटा उघडला-मिटला की बिंदूच्या प्रभावाचे वर्तुळ लहानमोठे होते, आणि तेवढा भाग लाल दिसतो. गंमत अशी की वर्तुळातले सगळेच बदलत नाही. बिंदूखाली जो रंग आणि उजेड आहे त्यासारखाच भाग निवडला जातो. काळ्यावर बिंदू ठेवला तर वर्तुळात येणाऱ्या चांदीला तो फारसा धक्का लावत नाही. मग बोट वरखाली सरकवून काय बदलायचे ते निवडायचे, उजेड, कॉन्ट्रास्ट, रंगाचा गडदपणा किंवा पोत, आणि आडवे सरकवून किती ते ठरवायचे. आवृत्तीप्रमाणे बटणांच्या जागा थोड्या बदलतात, पण रीत हीच.

सुरईच्या पोटावर दोन बिंदू, मानेवर एक, बुडाशी एक. बुडाशी सावली फार दाट होती ती थोडी उघडली, पोटाचे काळे होते तसे राहू दिले. चांदीवर एक बिंदू ठेवून उजेड किंचित आणि पोत किंचित वाढवला. भाच्याला आणखी वाढवायचे होते. चाचांनी त्याचा हात धरला. “इतकी चकाकी तर नवी कोरी असतानाही नसते.” ते बरोबर होते. आम्ही पट्टी निम्म्यावर आणली. पाऊण तास लागला, त्यात दोन चहा.

संगणक असेल तर याहून नेमकी रीत आहे, आणि बिदरी, जरी, तारकशी अशा बारीक कामाला आम्हाला तीच पसंत आहे. वेलीची एकेक तार ब्रशने कोण रंगवणार? त्याऐवजी फोटोलाच मास्क करायचे. चांदी उजळ आहे, अंग काळे आहे. फोटोची काळीपांढरी प्रत ही आपोआप तयार झालेली मास्क आहे : चांदीच्या जागी पांढरी, अंगाच्या जागी काळी. गिंपमध्ये लेयरची दुसरी प्रत करावी, तिच्यावर मास्क जोडताना ‘ग्रेस्केल कॉपी ऑफ लेयर’ हा पर्याय निवडावा. आता त्या वरच्या प्रतीवर उजेडाचा जो बदल कराल तो मुख्यतः चांदीवरच पडेल. तोच मास्क उलटा केला की बदल अंगावर पडेल. फोटोशॉपमध्ये कंट्रोल, आल्ट आणि २ ही बटणे एकदम दाबली की उजळ भागांची निवड होते, मग ‘कर्व्ह्ज’चा लेयर घेतला की तीच निवड त्याचा मास्क बनते. कारागीर ज्याला महिना लावतो त्या नक्षीची कड अशी दहा सेकंदात मिळते, आणि तीही तारेतारेने अचूक.

ब्रशने मास्क रंगवायचा असेल तर एक सवय लावून घ्यावी. मास्क आधी पूर्ण काळा करावा, म्हणजे काहीच बदललेले दिसणार नाही, आणि मग मऊ पांढऱ्या ब्रशने, तेही वीस-पंचवीस टक्के जोराने, हव्या जागी हात फिरवत जावे. एका फटक्यात पूर्ण पांढरे करू नये. चुकले तर काळा ब्रश घेऊन पुसावे. मूळ फोटो खाली शाबूत असतो. खोडरबराने फोटोच खोडणारे अजून भेटतात, त्यांना एवढेच सांगणे की खोडलेले परत येत नाही आणि मास्क केलेले कधीही परत येते.

कापडाचा रंग

कापडवाल्यांचे दुखणे वेगळे आहे, तिथे उजेडापेक्षा रंग घात करतो. हिमरूत ताणा सुताचा आणि नक्षीचा धागा रेशमाचा, म्हणून एकाच शालीत एक भाग उजेड शोषतो आणि दुसरा परतवतो. त्यात दुकानात एका बाजूला ट्यूबचा निळसर उजेड आणि दुसऱ्या बाजूला पिवळा दिवा असला की शालीचे दोन टोकांचे दोन रंग होतात. मोबाइल एकच काहीतरी तडजोड करतो आणि दोन्हीकडे चुकतो.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे दिवे एकाच जातीचे ठेवणे, किंवा सगळे बंद करून उन्हाच्या थेट झोतात नसलेल्या खिडकीपाशी माल आणणे. पहिला फोटो घेताना शालीच्या कोपऱ्यावर साधा पांढरा कागद ठेवावा. नंतर सॉफ्टवेअरमध्ये ‘व्हाइट बॅलन्स’ या ठिकाणी जाऊन ड्रॉपरने त्या कागदावर टिचकी मारावी. कागद पांढरा झाला की बाकीचे रंग बरेचसे आपोआप जागेवर येतात. हे काम सबंध फोटोवर करायचे, आणि आधी करायचे. मास्क नंतर. हा क्रम उलटा केला की एक कोपरा दुरुस्त करताना दुसरा बिघडत जातो. आम्ही एकदा अख्खी दुपार अशी घालवली आहे.

त्यानंतरही एका बाजूला पिवळेपणा उरला तर ‘ग्रेडियंट’ मास्क घ्यावा. तो एका टोकाला पांढरा आणि दुसऱ्या टोकाला काळा, मधे हळूहळू उतरणारा. पिवळ्या टोकाकडून तो ओढावा आणि रंग थोडा निळ्याकडे न्यावा. शेजारी हिरवा पडदा असेल तर पांढऱ्या कापडाच्या घडीत हिरवी झाक येते, ती मात्र ब्रशनेच, घडी-घडीने काढावी लागते. शेवटी शाल पडद्याशेजारी प्रत्यक्ष धरून मिळवून पाहावी. काही रंग, विशेषतः गडद जांभळे आणि मोरपंखी, पडद्यावर पूर्णपणे येतच नाहीत. अशा वेळी फोटोखाली स्पष्ट लिहावे की प्रत्यक्ष रंग याहून गडद आहे. गिऱ्हाईक चिडत नाही, उलट विश्वास बसतो, हा आमचा अनुभव आहे.

छापायचे असेल तर आणखी एक गोष्ट. वर्तमानपत्री कागदावर शाई पसरते, सावल्या बुजतात. पडद्यावर छान दिसणारी काळी सुरई छापून आली की काळा ठिपका होतो. म्हणून जाहिरातीच्या प्रतीसाठी सावलीच्या भागावर मास्क घेऊन तो भाग डोळ्याला जरा जास्तच उघडा ठेवावा. आर्ट पेपरवरच्या कॅटलॉगला वेगळी प्रत करावी.

कोठे थांबावे

या पत्राचे वाचक व्यापारी आहेत, म्हणून आता जे लिहितो ते जरा सविस्तर लिहितो. जे हत्यार चांदीचा खरा रंग दाखवते तेच हत्यार तडा लपवू शकते. शालीतली निसटलेली गाठ, भांड्याच्या तोंडावरचा पोचा, कातड्यावरचा डाग, सगळे ब्रशच्या दोन फटक्यांत जाते. पाहणाऱ्याला कळतही नाही, पण माल घरी पोचल्यावर कळते.

उजेड नुसता कमी केला म्हणून काय बिघडते, असे कोणी म्हणेल. १९९४ च्या जूनमध्ये अमेरिकेत ओ. जे. सिम्पसन या खेळाडूचा पोलिसांनी काढलेला फोटो टाइम आणि न्यूजवीक या दोन्ही साप्ताहिकांनी मुखपृष्ठावर छापला. फोटो एकच. टाइमने तो काळवंडून, कडा गडद करून छापला, न्यूजवीकने होता तसा छापला. दोन्ही अंक स्टॉलवर शेजारी शेजारी लागले आणि गदारोळ झाला. टाइमवर वंशभेदाचा आरोप झाला आणि त्यांना खुलासा करावा लागला. चेहऱ्याची एक रेघही बदलली नव्हती, बदलला होता फक्त उजेड. तेवढ्याने माणूस गुन्हेगार दिसू लागला. मग उजेडाने सुती कापड रेशमी दिसू लागले तर नवल नाही.

आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. मालाचे खोटे वर्णन करणारी किंवा ग्राहकाची दिशाभूल करील अशी जाहिरात त्यात स्पष्टपणे नमूद आहे. अशा जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते, पुन्हा तेच घडले तर ५० लाखांपर्यंत. ऑनलाइन विक्रीसाठी २०२० सालीच वेगळे नियम आले. जाहिरात मालाच्या प्रत्यक्ष गुणांशी जुळली पाहिजे, आणि जाहिरातीत दाखवल्यासारखा माल नसेल तर तो परत घ्यायला नकार देता येणार नाही, असे त्यांत आहे. गल्लीतल्या दुकानावर १० लाखांचा दंड पडेल असे भय आम्ही घालत नाही. पण परत आलेल्या पार्सलचे दोन्हीकडचे भाडे कोणाच्या खिशातून जाते, हे प्रत्येक दुकानदाराला ठाऊक आहे.

आमची स्वतःची रेषा अशी. कॅमेऱ्याने जे चुकीचे केले ते मास्कने दुरुस्त करावे. मालात जे आहे ते मास्कने बदलू नये. धूळ पुसावी, पण ती आधी फडक्यानेच पुसावी. पार्श्वभूमी बदलावी. उजेडाचा डाग काढावा, मालाचा डाग काढू नये. आणि दुरुस्त केलेल्या फोटोबरोबर हात न लावलेला एक फोटो पाठवावा. चाचांनी असेच केले, वर सुरई हातात फिरवतानाचे अर्ध्या मिनिटाचे चित्रीकरणही पाठवले. गिऱ्हाइकाने सहांऐवजी दोनच सुरया घेतल्या, आधी पाहतो म्हणाले. चाचांची काही तक्रार नाही.

मुलांना हे शिकवावे काय

हा प्रश्न आम्हाला वरचेवर येतो. फोटोतला माल कडेने कापून पार्श्वभूमी पांढरी करण्याचे काम परदेशी दुकानांकडून नगाच्या भावाने मिळते. बांगलादेशात, मुख्यतः ढाक्यात, या कामावर मोठा धंदा उभा राहिला. आपल्याकडेही काही मुले करतात. पण खरे ते सांगितले पाहिजे. अलीकडे सॉफ्टवेअर स्वतःच वस्तू ओळखून मास्क करू लागले आहे. लाइटरूममध्ये ब्रशने मास्क करण्याची सोय २००८ मध्ये आली होती, २०२१ मध्ये एका टिचकीत माणूस किंवा आकाश निवडण्याची सोय आली, आणि आता मोबाइलमध्येही ती मिळते. टेबल, डबा, बूट अशा सरळ कडेच्या वस्तूंचे काम यंत्र सेकंदात करते. त्यासाठी हजारो रुपये भरून कोर्स करणाऱ्यांनी दोनदा विचार करावा.

यंत्र अजून अडते ते काचेत, केसांत, जाळीत, झालरीत. अत्तराच्या कुपीतून पलीकडचे दिसते. ती कुपी कापून पांढऱ्यावर ठेवली तर काचेत जुनी भिंत अडकून राहते. तिथे काचेच्या भागाला राखाडी मास्क देऊन मागचे अर्धे येऊ द्यावे लागते, आणि किती अर्धे ते डोळ्याने ठरते. जरीच्या पदराच्या सुट्या दोऱ्यांचेही तसेच. आणि हिमरूचा खरा रंग कोणता हे यंत्राला माहीत नाही, विणकराच्या मुलाला माहीत आहे. जो मुलगा कारखान्यात बसला आहे त्याने हे कसब शिकावे, असे आमचे मत आहे. नुसत्या संगणकापुढे बसलेल्याने शिकण्यापेक्षा ते जास्त फळेल. सुट्टीच्या दोन महिन्यांत, मोफत सॉफ्टवेअरवर, घरच्याच मालावर हात बसतो.

जाता जाता दोन व्यवहाराच्या गोष्टी. काम झाल्यावर फाइल फक्त जेपेगमध्ये ठेवू नये, त्यात सगळे थर एक होतात आणि मास्क नाहीसे होतात. गिंपमध्ये एक्ससीएफ, फोटोशॉपमध्ये पीएसडी अशी प्रतही ठेवावी, पुढच्या हंगामात तीच उपयोगी पडते. आणि व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीच्या रीतीने पाठवला की तो दाबून लहान होतो, बारीक तार मिटून जाते. गिऱ्हाइकाला नक्षी दाखवायची असेल तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. चाचांच्या भाच्याने हे आता कपाटाच्या काचेवर चिठ्ठी लिहून लावले आहे.